वेणूबाईचा ट्रॅक्टर

फाल्गुन लागला की दुपारच्या वेळी माझं लक्ष वाऱ्याकडे असतं. शहाद्यातल्या आमच्या घरासमोर कडुनिंब आहे. त्याची पानं हलत असली की मी निवांत असते. भाजी निवडते, पेपर वाचते. पानं थांबली की माझे हातही थांबतात. सून विचारते, "आई, पंखा लावू का?" तिला वाटतं मला उकडतंय. मी नको म्हणते आणि आभाळ बघायला ओट्यावर जाते.

आता खरं तर वाऱ्याची गरज कुणालाच उरलेली नाही. सकाळी उभं असलेलं गव्हाचं शेत हार्वेस्टर दुपारपर्यंत पोत्यात भरून देतो. जिथे दादर ज्वारी डोलायची तिथे ऊस आणि केळी आहेत. उसाने लादलेल्या ट्रॉल्या पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याच्या रस्त्याने धूळ उडवत जातात. परवा नातवाने त्याच्या लेकासाठी एक खेळण्यातला ट्रॅक्टर आणला. वर बसून चालवायचा, लालभडक, बॅटरीवर चालणारा. बटण दाबलं की हॉर्न वाजतो. पोरगं दिवसभर त्यावर बसून अंगणात फेऱ्या मारतं. नातू कौतुकाने म्हणाला, "आजी, तुमच्या वेळी असलं काही नसेल ना?"

"होतं की," मी म्हटलं. "आमच्या घरी ट्रॅक्टर होता."

तो हसला. म्हातारीला जुन्या गोष्टींची सरमिसळ होते असं त्याला वाटलं असावं. पण त्या दिवसापासून खळ्यावरचं भूस पुन्हा माझ्या मानेला टोचायला लागलंय.

आमचं गाव प्रकाशा गावाच्या अलीकडे, तापीच्या काठावर. मोठी लढाई संपून थोडाच काळ झाला होता. रॉकेल मापून मिळायचं, गोणपाट दिसेनासं झालं होतं, वाकडा खिळासुद्धा ठोकून सरळ करून ठेवायचे. घरात आबा, माय, माझी मोठी बहीण वेणूबाई आणि मी. वेणूबाई माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी. एका पावसाळ्यात तिला ताप आला. ताप उतरला तेव्हा तिचे दोन्ही पाय गेलेले होते. होते जागेवरच, पण ओल्या फडक्यासारखे. मी ते उचलून एकावर एक ठेवायची, ते तसेच राहायचे. झाडपाला झाला, अंगारे झाले, नंदुरबारचा डॉक्टर झाला. मग सगळं थांबलं, आणि वेणूबाई ओट्यावरच्या खांबाला टेकून बसू लागली.

आबा तापट माणूस. बैल चुकला तरी ओरडायचे, माणूस चुकला तरी ओरडायचे. वेणूबाईवर मात्र ते ओरडेनासे झाले, आणि बोलेनासेही झाले. शेतातून आले की ओट्याच्या दुसऱ्या कडेने घरात शिरायचे. मायला विचारायचे, "ती जेवनी का?" बस, एवढंच. तिच्याकडे बघायचे नाहीत. मला तेव्हा वाटायचं, आबांना तिचा राग आलाय. आज वाटतं, बैलाचा पाय मोडला तर काय करायचं हे त्यांना ठाऊक होतं, आणि इथे काय करायचं ते सुचत नव्हतं.

मामा नवापूरला होता. तिथे लाकडाच्या आरागिरणीत कामाला. त्याच्या अंगाला सागाच्या भुशाचा वास यायचा आणि बोलण्यात मधूनच गुजराती शब्द यायचे. कुठल्याशा कामाने तो गुजरातेकडे गेला होता, तिथे एका मोठ्या जमीनदाराच्या शेतात त्याने ट्रॅक्टर पाहिला. आला तो त्याच्याच गोष्टी घेऊन. बैल नाही, जू नाही, आणि नांगर चालतो. आम्ही कुणीच तो पाहिलेला नव्हता. वेणूबाईने विचारलं, "मामा, मानूस चाले का त्याना मांगे?"

"नही वं. वर बठस. बठल्या बठल्या सगयं वावर नांगरी टाकस."

बसल्या जागेवरून सगळं शेत नांगरायचं, हे वेणूबाईच्या मनात फिरत असावं. मामाच्याही मनात तेच शिरलं, कारण पुढच्या खेपेला तो आला तो बैलगाडीत काहीतरी झाकून घेऊन.

मागे दोन मोठी चाकं, सागाची, वर लोखंडी पट्टी चढवलेली. पुढे दोन लहान चाकं. पुढच्या बाजूला रॉकेलचा डबा आडवा बसवलेला आणि त्यावर धुराड्यासाठी नळीचा तुकडा. सगळ्याला गेरूचा रंग. पण खरी गंमत मधे होती. मोडक्या सायकलचं पायडल मामाने छातीच्या उंचीवर बसवलं होतं आणि तिथून साखळी मागच्या चाकांच्या आसाला नेली होती. पायडल हातांनी फिरवायचं. वळायचं असलं की एक हात सोडून पुढचा दांडा ओढायचा.

शेजारच्या काकू हसल्या, मुलीला गाडी हवी कशाला म्हणून. "आंडेरले गाडी कसाले वं माय?"

मामा म्हणाला, "पाय नही ते नही. हात ते शेतस ना पोरना!"

पहिल्या दिवशी वेणूबाई ओट्यापासून गोठ्यापर्यंत गेली. तेवढ्याने तिला धाप लागली. आठवडाभरात ती गल्लीच्या टोकाला जाऊ लागली, मग मारुतीच्या पारापर्यंत, मग नदीकडे उतरणाऱ्या गाडीवाटेवर. चढावर मी मागून ढकलायची. तोंडाने ती इंजिनाचा आवाज काढायची, आम्ही कधीच न ऐकलेल्या इंजिनाचा, आणि कोंबड्या वाटेतून पळायच्या. मामाने मागे अडकवायला हातभर लांबीची, पेरायची एक तिफणही करून दिली होती. त्या तिफणीने तिने घरामागच्या परसात ओळी पाडल्या आणि मेथी पेरली. मेथी उगवली तेव्हा माय ती तोडायला धजेना. आबांनी ती भाजी खाल्ली, हात धुतला आणि उठले. पण त्या दिवसापासून अंगणातले दगड कुणीतरी उचलून कडेला लावू लागलं. मायने लावले नव्हते, मीही लावले नव्हते.

त्या साली दादर चांगली आली. कणसं खुडून खळ्यावर आली, बैल फिरले, मळणी झाली. मामाही सुटी काढून मदतीला आला. खळ्याच्या मधोमध दाणे आणि भूस यांचा मिसळलेला ढीग उभा राहिला, माझ्या डोक्याहून उंच. आता फक्त वारा हवा होता. तिवईवर उभं राहून सुपातून तो ढीग वाऱ्यावर सोडायचा, भूस उडून पलीकडे जातं, दाणा खाली पडतो. दोन दिवसांचं काम.

आणि वारा पडला.

पहिल्या दिवशी कुणी मनावर घेतलं नाही. फाल्गुनात वारा कधी रुसतो, संध्याकाळी येतो. संध्याकाळी आला नाही. दुसऱ्या दिवशी आबा सकाळपासून मूठभर भूस उचलून हवेत सोडत होते. ते सरळ त्यांच्या पायांवर पडत होतं. माय चुलीचा धूर बघायची, तो दोरीसारखा वर जायचा. आजूबाजूच्या खळ्यांवरही तेच. एरवी उफणणीच्या दिवसांत या खळ्यावरून त्या खळ्यावर हाका चालतात, थट्टा चालते. त्या दिवशी कुणी बोलत नव्हतं. माणसं ढिगांशेजारी बसून होती आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, सातपुड्याकडे.

तिसऱ्या दिवशी दुपारी सातपुडा दिसेना. त्याच्या जागी जांभळट काळा पट्टा होता. त्याच्या पोटात मधूनच काहीतरी लुकलुकत होतं, पण आवाज अजून येत नव्हता.

आबा आणि मामाने गोधडी दोन टोकांना धरून हलवायला घेतली, वारा घालायला. आमच्या शेतावरचा गडी तिवईवर चढला. थोडं भूस उडालं, थोडं दाण्यात परत पडलं. गोधडी जड, हात भरून आले. होती ती मोजकी जुनी पोती दाण्यासाठी ठेवलेली, झाकायला गोणपाट नव्हतं. कडबा टाकला तर पाणी गळून आत जाणारच. ढीग भुसासकट घरी न्यायचा म्हटलं तर गाड्यांवर गाड्या झाल्या असत्या, आणि भिजलेलं भूस दाण्याला धरून कुजतं. वर्षभराची भाकरी त्या ढिगात होती.

मी आणि वेणूबाई खळ्याच्या कडेला बोरीखाली होतो. ती ट्रॅक्टरवरच बसलेली. मामाने गोधडी खाली टाकली, घाम पुसला आणि त्याची नजर ट्रॅक्टरच्या मागच्या चाकावर थांबली. तिथेच तो उकिडवा बसला. मग मायला म्हणाला, "अक्का, घरमा सुपं कितला शेतस?"

त्याने भराभर सांगितलं. ट्रॅक्टरचा मागचा भाग दगडांवर उचलायचा, मागची चाकं अधांतरी राहतील. एका चाकाच्या आऱ्यांना चार सुपं तिरपी बांधायची. पायडल फिरवलं की चाक फिरेल, सुपं वारा घालतील. आरागिरणीत याहून मोठी चाकं फिरताना त्याने पाहिली होती.

माय ताठ उभी राहिली. "आस कितला वजननी शे? मोडी जाई तो."

"मोडी बी जाई," मामा म्हणाला.

"ती गाडी नही भाऊ. पाय शेतस त्या पोरना. पोरना पाय तोडीसन दाना भरशात का तुम्ही?"

आता पहिला गडगडाट ऐकू आला, लांबून, जमिनीतून आल्यासारखा. सगळे आबांकडे बघायला लागले. मला वाटलं, आता ते ओरडतील. वेणूबाईला उचलून बाजूला ठेवतील आणि ट्रॅक्टर घेतील. घरचा मालक होते ते, कुणी त्यांना अडवलं नसतं. वेणूबाईलाही तेच वाटलं. तिने पायडलाच्या दोन्ही मुठी घट्ट धरल्या आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाली, "नही. मी नही देवाव."

आबा चालत बोरीखाली आले. ते तिच्यासमोर उकिडवे बसले, त्यांचं डोकं तिच्या डोक्याच्या पातळीला आलं. तापानंतर इतक्या जवळून त्यांनी तिच्याकडे पाहिल्याचं मला आठवत नाही.

"वेनू," ते म्हणाले. "वारा पडी गया. आभाय भरी वनं. तुन्ही गाडी लावी ते दाना निघी. नही लावी ते सडी जाई."

ती आपल्या मुठींकडे बघत राहिली.

"तू नही म्हनशी ते मी हात नही लावाव."

"मोडनी ते?"

आबांनी मामाकडे पाहिलं. खोटं बोलणं सोपं होतं. मामा दुसरी करून देईल, एवढंच म्हणायचं होतं. पण सायकलची साखळी त्या दिवसांत कुठून मिळवायची हे कुणालाच माहीत नव्हतं. "मोडनी ते मोडनी," ते म्हणाले. "माले काय बी सांगता येत नही."

वेणूबाईने आभाळाकडे पाहिलं. मग ढिगाकडे. तिची मूठ पायडलावरून सुटली नाही.

"मी उतराव नही," ती म्हणाली. "मीच फिरावसू. दुसरं कोनी नही."

"थकशी."

"थकनू ते सांगसू."

आबांनी मान हलवली आणि उठले. त्यानंतर जे सुरू झालं ते इतक्या घाईत झालं की मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. मामा आणि गडी ट्रॅक्टरचं मागचं अंग उचलत आहेत, वेणूबाई वर बसलेलीच. आबा दगड सारत आहेत. माय, जी नको म्हणत होती तीच, आपल्या लुगड्याची किनार फाडून सुपं बांधायला देते आहे. मी घराकडे पळते आहे, शेजारच्या काकूंकडून चौथं सूप मागायला.

वेणूबाईने पहिला फेरा मारला. सुपं जडपणे हलली. दुसरा, तिसरा. मग साखळीने पकड घेतली आणि सुपं दिसेनाशी झाली. माझ्या केसांना, कानांना वारा लागला. दोन दिवसांनी वारा! तिवईवरून गड्याने सूप कलतं केलं आणि भूस पिवळ्या पडद्यासारखं पलीकडे उडालं. खाली दाणे पडल्याचा आवाज आला. शेजारच्या खळ्यावरून माणसं धावत आली आणि कुणी न सांगताच पोती भरायला लागली.

वेणूबाईच्या तोंडातून इंजिनाचा आवाज येत नव्हता. दात आवळलेले, डोळे पायडलावर. मी तिच्या तोंडाला तांब्या लावायची, ती एक घोट घ्यायची, हात चालूच. तळहातांवर फोड आले, ते फुटले, मुठींवर ओल दिसायला लागली. मायने चिंध्या गुंडाळल्या. आबा ढिगापासून दर खेपेला तिच्याजवळून जायचे आणि थबकायचे. ती त्यांच्याकडे न बघता मान हलवायची, अजून नाही. शेवटी ती म्हणाली, "मामा, एक मूठ तू धर." मामा गुडघ्यांवर बसला आणि एका बाजूने फिरवू लागला.

तिचे ते हात मी पुढे आयुष्यभर पाहिले. आबांच्या मागे शेत तिनेच सांभाळलं. लग्न केलं नाही. विचारायलाही कुणी आलं नाही म्हणा. मी मास्तरीण होऊन शहाद्याला आले, ती गावात राहिली. काय पेरायचं, कधी काढायचं, पाणी कुठून वळवायचं, ते ती ओट्यावर बसून ठरवायची आणि गडीमाणसं तिच्याकडे यायची. तिला जाऊन आता काही वर्षं झाली. शेवटच्या आजारात मी तिचा हात हातात घेऊन बसायची. तळवा पुरुषासारखा रुंद, बोटं जाड. ती झोपेत असली तरी पकड सैल व्हायची नाही.

त्या दिवशी ढीग अर्ध्याहून खाली आला होता तेव्हा अंधारून आलं. माती, भूस आणि पावसाआधीचा थंड वास एकदम आला. मामा ओरडला, "जल्दी!" आणि त्याच क्षणी चाकातून कडाड आवाज झाला. आस मधोमध चिरला. चाक वाकडं होऊन एका बाजूला कलंडलं, एक सूप सुटून भिरभिरत गेलं आणि गड्याच्या खांद्याला लागून खाली पडलं. साखळी तुटून वेणूबाईच्या मांडीवर आली. तिला काही कळलं नाही. तिचे हात रिकामं पायडल तसेच फिरवत राहिले. आबांनी तिचे हात धरले तेव्हा कुठे ते थांबले.

मग वारा आला. खरा वारा, जो दोन दिवस हवा होता तो, आणि त्याच्याबरोबर गारा. माणसं आपापल्या खळ्यांकडे पळाली. भरलेली पोती आमच्या बैलगाडीखाली ढकलली होती, उरलेल्या ढिगावर मामाने आणि गड्याने मिळेल तेवढा कडबा टाकला. आबांनी वेणूबाईला उचललं. तिचे पाय त्यांच्या हातावरून लोंबत होते. आम्ही सगळे गाडीखाली शिरलो, पोत्यांना टेकून, एकमेकांना चिकटून. गारा गाडीच्या फळ्यांवर आपटत होत्या. बोलणं ऐकू येत नव्हतं. माय रडत होती, पोत्यांसाठी की आसासाठी, मला कळलं नाही. वेणूबाईने बाहेर ट्रॅक्टरकडे पाहिलं. तो एका अंगावर पडला होता, डब्यावर गारांचा ताशासारखा आवाज होत होता. तिने मान वळवली आणि आबांच्या छातीत तोंड लपवलं. तिचं अंग हलत होतं. आबांनी पागोटं सोडून तिच्या अंगावर घातलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले.

गारा लवकर थांबल्या. पाऊस थोडा वेळ राहिला आणि तापीकडे निघून गेला. खळं पांढरं झालं होतं. पलीकडच्या खळ्यांवरून बायांच्या रडण्याचा आवाज यायला लागला, हळूहळू, एकेक. मामा तुटलेली साखळी चिखलातून शोधत होता. गडी विचारत होता, उरलेलं पसरायचं की झाकून ठेवायचं. माय म्हणाली पसरा. मामा म्हणाला, आभाळ अजून भरलेलं आहे, पसरलं तर सगळंच जाईल.

आबा भिजल्या ढिगापाशी गेले. कोपरापर्यंत हात आत घातला आणि मूठ भरून आणली. मामाला दाखवली नाही, मायला दाखवली नाही. गाडीखाली वाकून त्यांनी ती वेणूबाईसमोर उघडली.

"देख," ते म्हणाले. "काय करवा?"

तिने डोळे पुसले. चिंध्या गुंडाळलेल्या हाताने एक दाणा उचलला आणि दाताखाली धरला. मग दुसरा.

"आतला कोरडा शे," ती म्हणाली. "वरला थर काढी लेवा. तो न्यारा पसरावा. आतला आजच घर न्या, भूससकट."

आबा सरळ उभे राहिले. "ऐकं का?" ते सगळ्यांना म्हणाले. "चाला."

आणि माणसं फावडी घेऊन निघाली.